भर वाऱ्यात उतरवलेलं शीड

२७ जानेवारी १९५४. रुपये एकतीस, आणे आठ.

मालवणात भिकाजीशेटच्या वखारीत त्या दिवशी त्यांच्याच 'सातेरीप्रसाद' गलबताच्या सात खलाशांच्या हिश्श्यातून ही रक्कम कापली गेली. माणशी साडेचार रुपये. मंगळूरहून आणलेल्या कौलांपैकी साडेतीनशे कौलं कमी भरली, हे कारण.

कौलं कमी भरली होती हे खरं. ती कारवारच्या पुढे समुद्राच्या तळाशी पडली होती. परतीच्या वाटेवर गलबताच्या दोन फळ्यांमधल्या फटीत ठोकलेला कापूस निघाला आणि पाणी आत येऊ लागलं. वारा उलटा, किनारा लांब. उपसून पाणी हटेना, तेव्हा गलबताचा प्रमुख, तांडेल गुणाजी तारी, सुकाणूवरून ओरडला, "टाक." काशीराम नावाच्या खलाशाने पहिली चवड उचलून समुद्रात सोडली आणि बाकीचे त्याच्यामागोमाग कौलं टाकू लागले. गलबत हलकं होऊन वर आलं, ती फट पाण्याबाहेर निघाली, तिच्यात कापूस आणि राळ ठोकली गेली, आणि उरलेला माल व आठ माणसं मालवणला सुखरूप पोचली.

व्यापाराच्या कायद्यात अशा नुकसानीला नियम आहे. जहाज वाचवण्यासाठी माल टाकला तर ती खोट जहाजाने आणि वाचलेल्या मालाने मिळून सोसायची. खलाशाच्या पोटाशी तिचा संबंध नाही. पण वखारीत त्या दिवशी कायदा कोणी काढला नाही.

"कापूचे तर माझे कापा, शेटांनू," गुणाजी म्हणाला. "टाक म्हणान मी सांगितलंय."

"तुझे कापलंय तर तू उद्या दुसऱ्याच्या गलबतार जातलंस," भिकाजीशेट हसत म्हणाले. "ह्ये खंय जातले?"

शेट मनाचे वाईट नव्हते. खलाशाच्या घरी लग्न निघालं की तांदूळ त्यांच्याकडून जायचा. पण माल आपला आणि हात दुसऱ्याचे, तर सांडलेलं हातांनी भरून द्यावं, हा त्यांचा सरळ हिशेब होता. गुणाजी जागचा हलेना, तेव्हा ते थोडे चिडले.

"काय करतलास? मुंबैच्या गिरणवाल्यांसारखो स्ट्राइक? अरे, तो सुक्या जमिनीवरचो शब्द. गिरणीक दार आसता, दाराक कुलूप लागता. दर्याक खंय दार?"

मुनीम हसला. दोघे खलाशीही हसले, कारण वाक्य खरंच चांगलं जमलं होतं.

गुणाजी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता. बुटका, पाय किंचित बाकदार, आवाज मात्र असा की शिडाच्या फडफडीवरून पलीकडे जाई. चौथीपर्यंत शाळा झाली होती. तिशीच्या आत तांडेल झाला आणि तेव्हापासून त्याच्या हाताखाली माणूस बुडाला नव्हता. याचा त्याला अभिमान होता आणि तो तो लपवतही नसे.

संध्याकाळी वाळूत बसून पैशांची वाटणी चालली होती. काशीराम पैसे कनवटीला लावत म्हणाला, "तांडेलानू, एक सांगू? पुढच्या खेपेक तुमी 'टाक' म्हटलास तर आधी भाव सांगा हां. परवडला तर टाकतलंय."

सगळे हसले. गुणाजीला मात्र हसू आलं नाही. काशीराम थट्टेत बोलला तरी पुढे थट्टेत वागेलच असं नव्हतं. समुद्रावर तांडेलाचा शब्द निघाला की हात हलला पाहिजे. मधे कोणी साडेचार रुपयांचा विचार करत थांबला तर तेवढ्या वेळात गलबत जाणार. शेटने कौलांचे पैसे कापले नव्हते, गुणाजीच्या 'टाक' या शब्दाची किंमत कापली होती. ती परत आणल्याशिवाय ही माणसं घेऊन पुन्हा मंगळूर गाठायचं कसं, एवढंच त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात बसलं.

आणि दुसरा एक शब्दही बसला. स्ट्राइक.

दोन-तीन दिवसांनी तो भाई मास्तरांकडे गेला. मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. घराच्या पडवीत आरामखुर्ची आणि शेजारी स्टुलावर जाडजूड इंग्रजी कोश, अशी त्यांची बैठक असे. कोशाची पाठ निघाली होती आणि ती त्यांनी शिडाच्या दोऱ्याने शिवून घेतली होती. तो दोरा गुणाजीनेच दिला होता, त्यामुळे आत यायला त्याला संकोच नव्हता.

"मास्तरांनू, स्ट्राइक म्हणजे काय?"

"कोणी करतोय की काय?"

"आधी कळूक व्हया काय ता. मगे बघतंय."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पान काढलं. पान काढल्यावर त्यांचा चेहरा खुलला, कारण त्या एका क्रियापदाने दोन्ही बाजू भरल्या होत्या.

"ऐक. पहिला अर्थ, मारणे. लोहार घण मारतो तो. घड्याळ टोले देतं, त्याला हेच क्रियापद. आगपेटीवर काडी ओढतोस, त्याला हेच. टांकसाळीत नाणं पाडतात, तेही हेच. कलमाने नवी मुळं धरली तरी साहेब हेच म्हणतो. एखादी गोष्ट एकदम मनात आली तर तीही मनाला स्ट्राइक होते."

"एका शब्दाक इतकी कामा?" गुणाजी म्हणाला. "तेका पगार कितीक?"

"आणि गंमत अशी की हा मुळात मारणारा शब्दच नाही," मास्तर रंगात आले होते. "अगदी जुन्या इंग्रजीत याचा अर्थ हात फिरवणं, सपाट करणं, किंवा हळूच पुढे सरकणं. पायलीत भात भरल्यावर वरून पट्टी फिरवतात बघ, तसं. ठोसा मागाहून आला."

"पण काम बंद करणा?"

"तिकडेच येतोय." मास्तरांचं बोट पानावरून खाली उतरलं. "हे बघ. शीड उतरवणे. समुद्रावरचा अर्थ आहे हा, फार जुना. परबाण खाली घेतलं, शीड उतरवलं, की इंग्रज खलाशी म्हणतो, स्ट्राइक केलं."

गुणाजी बाकावर बसला होता तो पुढे सरकला.

यापुढचं कोशात नव्हतं. मास्तरांनी ते दुसऱ्या एका पुस्तकात वाचलं होतं. "सतराशे अडुसष्ट साल. लंडनची नदी जहाजांनी भरलेली. खलाशांनी मजुरी वाढवून मागितली, मालक देईनात. तेव्हा खलाशी एकेका जहाजावर चढले आणि त्यांनी शिडं खाली घेतली. माल भरलेला, वारा चालू, आणि जहाजं उभी. तेव्हापासून काम थांबवायचं म्हणजे स्ट्राइक. गिरण्यांनी तो शब्द तुमच्या लोकांकडून घेतला, गुणाजी. तुमच्या म्हणजे दर्यावर्दी लोकांच्या."

गुणाजीने कोशाच्या शिवलेल्या पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे शेट खोटा बोललो."

"शेटला माहीत नसेल."

"माहीत नसताना बोललो, ता अजून वायट."

मास्तरांनी पान मिटण्याआधी शिक्षकाच्या सवयीने एक सूचनाही दिली. लढाईत निशाण किंवा शीड उतरवलं तर शरण गेला असं समजतात, आणि त्यालाही हेच क्रियापद आहे.

"मगे शरण गेलो की अडून बसलो, ह्या बघणाऱ्याक कळतला कसा?"

"उतरवल्यावर माणूस काय करतो, त्यावरून," मास्तर म्हणाले.

शिमग्याला गुणाजी शेटकडे गेला. आंब्याच्या आधी सात जणांचे पैसे परत करा, नाहीतर 'सातेरीप्रसाद'चं शीड उतरेल, असं त्याने तोंडावर सांगितलं. शेट म्हणाले, आंबा झाडावरून उतरला की तो थांबणार नाही आणि तूही थांबणार नाहीस. ते गुणाजीला वीस वर्षं ओळखत होते. भरलेला माल हा माणूस कुजू देणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

गुणाजीलाही ते माहीत होतं. म्हणून त्याने ठरवलं की शीड उतरवायचं ते रिकाम्या गलबताचं. माल चढायच्या आधी. देवगडच्या बागायतदारांना त्याने महिनाभर आधी निरोप धाडला की 'सातेरीप्रसाद'वर भरवसा ठेवू नका, पेट्या दुसऱ्या गलबतावर घाला, नाहीतर ट्रकने फोंडाघाटातून कोल्हापूरला काढा. लपवाछपवी काहीच नव्हती. शेटच्या कानावरही हे गेलं आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

घरी त्याची बायको चंद्रावती मासे विकून आली होती. टोपली उपडी घालत तिने विचारलं, "शीड उतरवन घरात येतलास तर चुलीर काय ठेवू? कापाड?"

"दोन म्हैने काढूक होयेत."

"काढतलंय. माझ्या टोपलेक शीड नाय, ती कोणाच्या बापाशीक उतरवची नाय." मग पाय धुता धुता म्हणाली, "पण घरात बसान उतरव नको. शेट सांगतलो तांडेलाक ताप इलो. उतरवचा तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरव."

हे गुणाजीला पटलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो रिकामं गलबत घेऊन देवगडला गेला.

बंदरात तेव्हा आंब्याची नऊ-दहा गलबतं होती. काही भरून तयार, काही भरत होती. दुपार होती, वारा स्वच्छ वाहत होता. 'सातेरीप्रसाद' शीड भरून खाडीच्या तोंडातून आत आलं. धक्क्यावर भिकाजीशेटचा अडत्या पेट्यांच्या राशीशेजारी उभा होता, त्याने हात केला. गलबत धक्क्याकडे वळायच्या ऐवजी बंदराच्या मधोमध आलं.

गुणाजीने नांगर सोडायला लावला आणि म्हणाला, "उतरव."

काशीरामने दोर सोडला. शीड ज्या आडव्या लाकडाला बांधलेलं ते परबाण करकरत खाली आलं, शीड फुगलेलं होतं ते मिटत गेलं. सातही जणांनी ते गोळा केलं आणि आता पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नसल्यामुळे डोळे खाली घालून ओळीने उभे राहिले. गुणाजी शीड बांधायला दोरी आणायला खाली मालाच्या जागेत उतरला. नेहमीची दोरी सापडेना, म्हणून त्याला वेळ लागला.

वर आला तेव्हा बंदर बदललं होतं. शेजारच्या गलबताचं शीड खाली येत होतं. त्याच्या पलीकडच्याचंही. धक्क्याजवळ एक गलबत निघायच्या बेतात शीड चढवत होतं, त्याने ते अर्ध्यावरून परत घेतलं. पाहता पाहता सगळ्या बंदरात एकही शीड उभं राहिलं नाही.

"ह्ये आमच्यासाठी?" काशीरामने विचारलं.

गुणाजीच्या लक्षात आलं आणि त्याने कपाळावर हात मारला.

त्या बाजूच्या गलबतवाल्यांत एक रिवाज होता. तांडेल गलबतावर वारला तर भर वाऱ्यात शीड उतरवायचं, सुकाणू मोकळं ठेवायचं, आणि खलाशांनी खाली मान घालून उभं राहायचं. ते पाहिलं की बंदरातल्या बाकीच्या गलबतांनीही शिडं उतरवायची. दुसऱ्या दिवशी मेलेल्या तांडेलाच्या मालकाने समुद्राला नारळ दिला म्हणजे शिडं चढायची, त्याआधी नाही. गुणाजीने आयुष्यात तीनदा अशी शिडं उतरवली होती. हा रिवाज त्याच्यापेक्षा चांगला कोणाला माहीत नव्हता. पण आपण स्वतः मेलो असू, हे जिवंत माणसाच्या डोक्यात येत नाही. लंडनच्या नदीचा विचार करता करता तो देवगडचं बंदर विसरला होता.

थोड्याच वेळात एक होडी आली. तिच्यात विठोबा तांडेल होता, सत्तरीच्या घरातला, बंदरातला सगळ्यात जुना माणूस. हातात अबोलीचा हार होता. तो वर चढला आणि समोर गुणाजी दोरी घेऊन उभा.

विठोबाने त्याच्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं.

"तू आसस?"

"आसंय."

"मगे मेलो कोण?"

"कोणच नाय."

विठोबा खाली बसला. काशीरामने त्याला पाणी दिलं. गुणाजीने झालं ते सगळं सांगितलं, कौलं, साडेचार रुपये, शेटचं बोलणं. मग म्हणाला, "आजा, माझ्या गलबतात माल नाय. तुमच्यात आसा. शिडा चढवा नि जावा. आंबो तापतलो."

"तू मेलंस म्हणान उतरवलंय," विठोबा म्हणाला. "आता जितो आसस म्हणान चढवू? शीड काय तुझ्या न्हाणीचो पडदो?"

"पण मी मेलंयच नाय तर दुखवटो कसलो?"

"ता तुझा तू बघ. शीड उतरला म्हणजे नारळ दिल्याबिगर चढाचा नाय." विठोबाने हार उचलून गुणाजीच्या गळ्यात घातला. "आणि नारळ मालकान देवचो असता. तुझो मालक खंय आसा?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यात काय होतं ते गुणाजीला दिसलं. तो होडी घेऊन प्रत्येक गलबतावर गेला आणि निघा म्हणून विनवलं. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने नाही म्हटलं. कौलांची गोष्ट त्याच्या आधी पोचत होती आणि प्रत्येक तांडेलाने कधी ना कधी मीठ, नाहीतर चुना, नाहीतर भाताच्या गोण्या समुद्रात टाकल्या होत्या. उद्या आपल्या 'टाक'चाही असाच हिशेब होणार, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण तोंडाने एकजणही तसं बोलला नाही. सगळे रिवाजाचंच बोलत होते.

धक्क्यावर व्यापाऱ्यांची धावपळ सुरू झाली. रिवाज मोडा असं खलाशांना सांगायची कोणाची हिंमत नव्हती, कारण पुढची खेपही त्याच खलाशांनी न्यायची होती. शेवटी अडत्याने मालवणला तार केली. 'तांडेल जिवंत. नारळ घेऊन ताबडतोब या.' भिकाजीशेटनी ती तार तीनदा वाचली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेट मिळेल त्या मोटारीने देवगडला पोचले. धक्क्यावर व्यापारी, बागायतदार, तांडेल सगळे जमले होते. एका व्यापाऱ्याने शेटना बाजूला घेऊन सांगितलं, "भिकाजी, एकतीस रुपयांसाठी माझ्या चारशे पेट्या उन्हात ठेवल्यास. दे आणि मोकळा हो."

"आज दिले तर उद्या सगळे मागतील."

"उद्याचं उद्या. आंबा आज आहे."

गुणाजी पुढे होणार होता. त्याच्याआधी एक बाई पुढे आली. नर्मदाबाई, जामसंड्याच्या बाजूची विधवा, दारची पाचच कलमं. तिच्या नऊ पेट्या कालपासून विठोबाच्या गलबतात होत्या.

"तुझो हक्क तू घे रे," ती गुणाजीला म्हणाली. "माका तेचा काय नाय. पण माझे आंबे कित्याक? मी तुझे पैसे कापले?"

"नाय, बाय."

"माझो माल घराक परत नेवचो नाय, मुंबैक पोचाचो नाय. मगे खंय जातलो?"

विठोबा मधे बोलणार होता, गुणाजीने त्याला थांबवलं. "तुझी जी खोट येतली ती मी देतलंय. शीड उतरव म्हणान मी सांगितलंय. ह्येंच्यात्सून कोणी देवचा नाय, नि शेटानय देवचा नाय."

हे त्याने शेटकडे बघत सांगितलं. ज्याचा हुकूम त्याची भरपाई, हे जानेवारीत वखारीत म्हटलेलं त्याने आता स्वतःवर लावून दाखवलं होतं, आणि शेटला त्यातून बाहेर पडायला वाट उरली नव्हती.

शेटनी खिशातून पाकीट काढलं. काशीरामपासून सुरुवात करून सातही जणांच्या हातावर साडेचार-साडेचार रुपये मोजून ठेवले. मग गुणाजीला म्हणाले, "पैसे दिलंय. पण ही खेप झाल्यार तू माझ्या गलबतार नको."

"बरा."

"वीस वर्सा मी तुका तांडेल म्हणान..."

"वीस वर्सा मी तुमचा गलबत परत हाडलंय, शेटांनू. कौला नाय तर नाय."

शेटच्या हातात नारळ होता. ते त्याच्याकडे असे बघत उभे राहिले की जणू तो आपल्या हातात कोणी ठेवला हेच त्यांना आठवत नव्हतं. जिवंत माणसाच्या समोर त्याच्या नावाने नारळ फोडायचा कसा, हा प्रश्न कोणालाही पडला असता.

"फोडा, शेट," विठोबा म्हणाला. "तुमचो तांडेल गेलोच मा?"

शेटनी नारळ फोडून समुद्राला दिला. भरलेली गलबतं आधी निघाली. 'सातेरीप्रसाद'ला उरलेल्या पेट्या चढवायला दुपार झाली. गुणाजीने ती खेप मुंबईला भाऊच्या धक्क्यावर पोचवली, गलबत मालवणला आणून शेटच्या मुनिमाच्या ताब्यात दिलं आणि सुकाणूला हात लावून खाली उतरला.

पुढचे दोन हंगाम त्याला गलबत मिळालं नाही. मालकांनी आपसात काही ठरवलं असेल किंवा नसेल, विचारायला गुणाजी गेला नाही. भिकाजीशेट एकदा बाजारात चंद्रावतीच्या टोपलीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गुणाजीक सांग, येवन माफी मागलीन तर बघूया."

"कसली माफी?" तिने सुरमईचा तुकडा तोलत विचारलं. "मेल्याची की जित्याची?"

छप्पन साली वेंगुर्ल्याच्या एका मालकाने त्याला बोलावलं. गुणाजीने गलबत बघायच्या आधी अट घातली, संकटात टाकलेला माल खलाशांच्या हिश्श्यातून कापायचा नाही, आणि हे सात माणसांच्या समोर बोला. मालक बोलला. पुढे त्या किनाऱ्यावर हंगामाच्या सुरुवातीला हे असं तोंडी बोलून घ्यायची पद्धत बरीच वर्षं होती. भिकाजीशेटच्या गलबतांवरही ती आली. काशीराम सत्तावन्नला स्वतः तांडेल झाला आणि शेटकडून पहिलं काय बोलून घेतलं असेल तर तेच.

भाई मास्तरांना हे सगळं कळल्यावर फार आनंद झाला होता. कोशाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने 'देवगड, १९५४' असं लिहून ठेवलं. गुणाजीने ते पाहिलं आणि त्याला ते फारसं आवडलं नाही. "मास्तरांनू, तुमच्या लंडनवाल्यांनी जाणान उतरवली. आमच्या नऊ जणांनी चुकान."

"पहिल्या दिवशी चुकून," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी?"

शब्द मात्र वाडीत राहिला, आणि तोही इंग्रजी रूपात नव्हे. कोणी अडून बसला की बायका म्हणत, ह्याने शीड उतरवलं. पोर जेवायला येईना, शीड उतरवलान. सून माहेरून परत येईना, शीड उतरवल्यान तिनं. चंद्रावती गुणाजीवर रागावली की टोपली भिंतीला टेकवून म्हणे, "आज माझा शीड उतरला, चाय तुझी तू कर." गुणाजी मुकाट्याने चूल पेटवी.

साठ सालानंतर गलबतांचे दिवस फिरले. इंजिनाच्या लाँची आल्या, आंबा ट्रकने जायला लागला. वेंगुर्ल्याच्या मालकाने गलबतात इंजिन बसवायचं काढलं आणि गुणाजीला म्हणाला, तूच चालव. गुणाजीने दोन खेपा केल्या आणि सोडून दिलं. इंजिनाला तो नावं ठेवत नसे. एवढंच म्हणे की ते बंद केलं तर लांबून कोणाला दिसत नाही.

त्यानंतर तो किनाऱ्यावर माडाखाली बसून मच्छीमारांची शिडं शिवून देऊ लागला. समोर किल्ला, पाठीमागे घर. एकदा मुंबईच्या युनियनचा एक मनुष्य गावाला आला होता. त्याने गुणाजीची हकिकत ऐकली आणि म्हणाला, मागण्यांची यादी नव्हती, नोटीस नव्हती, वाटाघाटी नव्हत्या, नोकरी तर गेलीच, याला यशस्वी संप म्हणता येणार नाही.

"सुई दी ती," गुणाजी म्हणाला. त्याने दोरा ओवला आणि मग विचारलं, "तुमच्या गिरणीत कोण 'टाक' म्हटल्यान तर हात हलता काय लगेच?"

"तिथे कोण टाक म्हणणार?"

"मगे तुमका कळाचा नाय."

नर्मदाबाईच्या नऊ पेट्यांपैकी चार मुंबईला काळ्या पडून निघाल्या होत्या. खोट बावीस रुपये आली. खलाशांनी वर्गणी काढायचं म्हटलं, गुणाजीने काढू दिली नाही. विठोबाने एकदा पाच रुपये परस्पर नेऊन दिले, तर गुणाजी ते परत घेऊन विठोबाच्या घरी गेला आणि दोघांचं महिनाभर बोलणं नव्हतं. गलबत नसलेल्या दोन हंगामांत तो जमेल तसे एकेक-दोनदोन रुपये देवगडला पोचवत राहिला. सोळा रुपये फिटले. छप्पन साली, गुणाजीला गलबत मिळायच्या आधीच, नर्मदाबाई कलमं खंडाने देऊन भावाकडे मुंबईला गेली, आणि भावाचं घर परळला की लालबागला हे जामसंड्यात कोणी नक्की सांगेना. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक माणसाजवळ गुणाजीने चौकशी केली.

सहा रुपये देणे आहेत.